समुद्र कोणी बुजवला? मुंबईच्या इतिहासातील गाळलेली माणसे

मुंबईचा इतिहास आपल्याला शाळेत सांगितला जातो तो साधारण असा. सात बेटे होती. पोर्तुगिजांनी ती इंग्लंडच्या राजाला लग्नात आंदण दिली. राजाने १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. मग गव्हर्नर आले, त्यांनी बांध घातले. शेठ आले, त्यांनी गिरण्या काढल्या. आगगाडी धावली आणि मुंबई झाली. या गोष्टीत राजा आहे, राजकन्या आहे, गव्हर्नर आहे, शेठ आहे, स्वप्नात येणारी देवीसुद्धा आहे. डोक्यावर मातीची टोपली घेतलेला माणूस मात्र यात कुठेच नाही.

"मुंबई कुणाची?" हा प्रश्न गेली पाऊणशे वर्षे विचारला जातो. कुणी भाषेच्या नावाने दावा सांगतो, कुणी पैशाच्या. आम्हाला त्याआधीचा प्रश्न विचारायचा आहे. ही जमीन जर मुळात समुद्रातून काढलेली आहे, तर ती काढली कुणी? ज्यांनी काढली त्यांच्या वाट्याला काय आले? हा हिशेब मांडल्याशिवाय मुंबईचा इतिहास पुरा होत नाही.

सात बेटांच्या आधी

पहिली लबाडी सुरुवातीलाच होते. पोर्तुगीज येईपर्यंत इथे काहीच नव्हते, चार कोळी जाळी वाळवत बसले होते, असे चित्र उभे केले जाते. आजच्या महामुंबईचा नकाशा समोर ठेवा. उत्तरेला नालासोपारा आहे. तेच प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. बुद्धाच्या उपदेशाने भिक्खू झालेला व्यापारी पूर्ण इथलाच, असे बौद्ध वाङ्मय सांगते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरला. लोक त्या जागेला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही इथेच सापडला. राजांनी मौजेच्या यात्रा सोडून धम्मयात्रा कराव्यात, हा त्या लेखाचा विषय. म्हणजे आपल्या सनावळीपूर्वी तिसऱ्या शतकात या किनाऱ्यावर धम्माची आज्ञा दगडावर कोरलेली होती.

बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरी घ्या. शंभराहून जास्त लेणी आहेत आणि हजार वर्षे तिथे भिक्खूंचा वास होता. अंधेरीजवळ कोंडिविटे, म्हणजे महाकालीची लेणी आहेत. मागाठाण्याची लेणी तर वस्तीच्या गर्दीत गुदमरली आहेत. कान्हेरीचे दानलेख वाचा. दान देणारे फक्त राजे आणि श्रेष्ठी नाहीत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी खोदून दिली, एका लोहाराने वाट बांधून दिली. हातावर पोट असलेल्या कारागिराचे नाव दगडावर कोरलेले आहे आणि दोन हजार वर्षांनंतरही ते वाचता येते.

त्यानंतरच्या मुंबईत काय घडले? त्याच कान्हेरीच्या डोंगराच्या कुशीत इंग्रजांनी १८६० साली विहार तलाव पुरा केला आणि शहराला नळाने पाणी दिले. त्या तलावावर अभियंत्यांची आणि आयुक्तांची नावे मिळतात. खोदणाऱ्या एकाचेही नाव मिळत नाही. धम्माच्या काळातला लोहार नावानिशी उरला आणि आधुनिक काळातला मजूर 'कुली' या एका शब्दात गाडला गेला. कुणाच्या हाती लेखणी आहे आणि तो कुणाला माणूस मानतो, यावर इतिहास ठरतो, तो असा.

टोपलीचा इतिहास

मुंबईचा भूगोल समजून घेतला की हा मुद्दा स्पष्ट होतो. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे. मधे खाड्या आणि दलदल. भरतीला पाणी आत शिरे, ओहोटीला चिखल उघडा पडे. पायधुनी म्हणजे खाडी ओलांडून आल्यावर पाय धुण्याची जागा. उमरखाडी म्हणजे मुंबई आणि माझगाव यांच्या मधली खाडी. आज तिथे पाण्याचा थेंब नाही, नावे तेवढी राहिली. पूर्वेला मात्र खोल, वाऱ्यापासून सुरक्षित असे नैसर्गिक बंदर होते. सुरतेचे बंदर गाळाने भरत चालले तसे कंपनीने इथे बस्तान हलवले.

महालक्ष्मी आणि वरळीच्या मधून समुद्र आत घुसत असे. तो अडवणारा हॉर्नबी वेलार्ड हा बांध अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८४ च्या सुमारास पुरा झाला. बांध पुन्हा पुन्हा कोसळत होता, मग रामजी शिवजी प्रभू या अभियंत्याच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती निघाली आणि बांध टिकला, अशी कथा आहे. देवीचे देऊळ झाले. गव्हर्नरचे नाव बांधाला मिळाले. कोसळणाऱ्या बांधाखाली पुन्हा पुन्हा दगड रचणाऱ्यांचे काय? त्यांचे ना देऊळ, ना नाव, ना स्वप्न.

पुढे १८०५ पर्यंत शीवचा रस्ता साष्टीला जोडला गेला. १८३८ साली कुलाब्याचा आणि १८४५ साली माहीमचा रस्ता झाला. टेकड्या फोडल्या, तोच दगड आणि मुरूम समुद्रात टाकला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या जोरावर बॅकबे बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपताच त्या बुडाल्या. या बुडालेल्या शेठांवर पानेच्या पाने लिहिली गेली. बुडालेल्या मजुरीचा हिशेब कुणी ठेवला नाही.

हे काम करणारे कोण होते? कोकणातले आणि घाटावरचे जमीन नसलेले लोक. तेलंगणातून बांधकामासाठी आलेले कामाठी, ज्यांच्यावरून कामाठीपुरा हे नाव पडले. गावकुसाबाहेर ठेवलेल्या जाती. खोताच्या वेठीला आणि बलुत्याच्या तुकड्याला कंटाळून शहराकडे निघालेली माणसे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. तिचा मार्ग पुढे बोरघाट फोडून देशावर गेला, तेव्हा त्या घाटात हजारो मजूर पटकीने आणि अपघाताने मेले. मुंबईला देशाशी जोडणारा लोखंडी रस्ता त्यांच्या हाडांवर उभा आहे.

धागा तोंडात धरायचा कुणी?

शहरात जात गळून पडते, असे भले भले सांगतात. गावात महार हा महार असतो, शहरात तो कामगार होतो, हे वाक्य ऐकायला गोड आहे. मुंबईच्या गिरणीने याचा निकाल केव्हाच लावला आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा भाग गिरणगाव झाला. गिरणीत दोन मोठी खाती होती, सूतकताईचे आणि विणकामाचे. विणकामात पगार जास्त. अस्पृश्य कामगाराला कताईत घेत, विणकामात मात्र शिरू देत नसत. कारण काय? मागावरच्या धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? मालक पारशी, यंत्र लँकेशायरचे, कापूस वऱ्हाडचा आणि नियम मनूचा.

१९२८ साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर थेट प्रश्न ठेवला. मालकांकडे एवढ्या मागण्या करता, मग विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी त्यात का नाही? पुढारी का-कू करत तयार झाले. गिरणीमालकांनी मात्र बोट उलटे कामगारांकडे दाखवले. हा अन्याय आमचा नाही, तुमच्यातलाच आहे, असा त्यांचा सूर होता. मालक शोषण करत होतेच, पण या एका बाबतीत त्यांचे म्हणणे खोडता येण्यासारखे नव्हते. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेब पुढे म्हणाले. त्याचा पुरावा गिरणगावातल्या त्या धोट्यात होता.

तरीही बाबासाहेबांनी कामगारांची बाजू सोडली नाही. जानेवारी १९३८ मध्ये खोती पद्धतीविरुद्ध कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी मुंबईच्या कौन्सिलवर आणला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी त्याच वर्षी मनमाडला रेल्वे कामगारांना सांगितले होते. मुंबई पाहिलेल्या माणसाचे ते निदान होते.

हलालखोर कर

मुंबईची आणखी एक बाजू आहे. ती बोलायला कुणाला आवडत नाही. शहर वाढले तसा त्याचा मैलाही वाढला. तो उचलण्यासाठी नगरपालिकेचे 'हलालखोर' खाते होते आणि मुंबईकर घरपट्टी, पाणीपट्टीबरोबर 'हलालखोर कर' भरत. ज्या कामाला माणूस नको म्हणतो, त्या कामाच्या नावाने कर बसवला आणि तो करणाऱ्याला वस्तीबाहेर ठेवले. महार-मांगांबरोबर गुजरातेतून मेघवाळ, उत्तरेतून वाल्मिकी समाजाची माणसे या कामासाठी आली. गावातला जातीचा धंदा शहरात आला आणि त्याला महापालिकेचा हुद्दा मिळाला.

शहराचा कचरा कुर्ला-चेंबूरच्या दलदलीत रेल्वेने नेऊन टाकला जाई. देवनारचे डंपिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. ज्यांना शहरात जागा नाकारली, त्यांच्या वस्त्या याच कचऱ्याच्या भरावाच्या कडेने उभ्या राहिल्या. दक्षिणेला मुरमाचा भराव टाकून मरीन ड्राइव्ह झाला, पूर्वेला कचऱ्याचा भराव टाकून गोवंडी झाली. भराव दोन्हीकडे, पण राहणारे वेगळे. मुंबईचा नकाशा जातीच्या नजरेने वाचायचा तो असा.

१८९६ साली प्लेग आला तेव्हा सरकारला एकदम आठवले की कामगारही कुठेतरी राहतात. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते केले आणि बी. आय. टी. चाळी बांधल्या. १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. खोली दहा बाय बाराच्या आसपास, संडास सामायिक. याच चाळींनी पुढे देशाला विचार दिला.

चाळीतले विद्यापीठ

परळच्या बी. आय. टी. चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब सुमारे बावीस वर्षे राहिले. त्याआधी परळच्याच डबक चाळीत सुभेदार रामजींनी एका खोलीत मुलाचा अभ्यास घेतला. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईतून निघाला. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली परळच्या दामोदर हॉलमधल्या सभेतून जन्माला आली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कौन्सिलमध्ये मंजूर झाला. त्याच ठरावाच्या बळावर महाडचे तळे गाठले गेले. पुढे दादरला राजगृह उभे राहिले, ते मुख्यतः पुस्तकांसाठी. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले.

म्हणजे ज्या शहराने धोट्याला हात लावू दिला नाही, त्याच शहराने छापखाना, सभागृह, ग्रंथालय आणि कॉलेजही दिले. हे शहराचे उपकार नव्हेत. शहरात गर्दी असते, रोख मजुरी असते, गावचा पाटील नसतो. या तीन गोष्टींचा उपयोग आपल्या माणसांनी करून घेतला. बाबासाहेब खेडे सोडा, असे का सांगत, याचे उत्तर इथे आहे.

आपली संस्कृतीही याच चाळींतून आली. आंबेडकरी जलसे, शाहिरी, कव्वाली. वाटेगावहून मुंबईला आलेले अण्णाभाऊ साठे माटुंग्याच्या लेबर कँपात आणि पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली. मराठी साहित्याला कामाठीपुरा आणि कावाखाना तेव्हा दिसला. त्याच १९७२ साली दलित पँथर निघाली आणि जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळी दंगलीत होरपळल्या. भागवत जाधव त्याच महिन्यात शहीद झाले.

बाबासाहेबांनी लढवलेला मुंबईचा खटला

आता "मुंबई कुणाची?" या प्रश्नाकडे येऊ. १९४८ साली भाषावार प्रांत आयोगापुढे बाबासाहेबांनी निवेदन दिले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवावी असे म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा असा होता की, उद्योग-व्यापार आम्ही उभारला, मराठी माणूस इथे कारकून आणि हमालच होता, मग मालकांना कामगारांच्या सत्तेखाली कसे ठेवता? बाबासाहेबांनी वकिली बाण्याने याची चिरफाड केली. जमिनीत सुधारणा केली म्हणून गहाण घेणारा सावकार जमिनीचा मालक होत नाही. मुंबई दमण ते कारवार या मराठी किनाऱ्याच्या मधोमध आहे. तिची वीज आणि तिचे पाणी महाराष्ट्रातून येते. असे त्यांचे उत्तर होते.

१९५५ साली मात्र त्यांनी महाराष्ट्राची चार राज्ये करावीत असे सुचवले. त्यात मुंबई हे वेगळे राज्य होते. यावरून आजही काही जण बाबासाहेबांना महाराष्ट्रद्रोही ठरवायला निघतात. त्यांनी एवढे वाचावे की त्या राज्याला बाबासाहेबांनी दिलेल्या नावातही महाराष्ट्र होता. मोठ्या राज्यात एकाच बहुसंख्य जातीची सत्ता होईल आणि खेड्यात विखुरलेला अल्पसंख्य चिरडला जाईल, ही त्यांची भीती होती. ती खोटी ठरली काय, हे ज्याने त्याने आपल्या तालुक्यात पाहावे. आणि १९५६ साली संयुक्त महाराष्ट्र समिती झाली तेव्हा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन तिच्यात होते, हेही विसरू नये.

आजचा भराव

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. तिथेच लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. समुद्राकाठची ती जागा आज चैत्यभूमी आहे. दरवर्षी लाखो लोक येतात, तेव्हा "गर्दी होते, घाण होते" अशी कुरकूर ज्या तोंडांतून निघते, त्यांनी स्वतःच्या घराखालची जमीन कुणी भरली हे विचारावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांतले अनेक पुन्हा गिरणीत गेले नाहीत. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. चैत्यभूमीशेजारच्या इंदू मिलची साडेबारा एकर जागा मिळवायलासुद्धा डिसेंबर २०११ मध्ये भीमसैनिकांना आत घुसावे लागले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याची विटंबना झाली म्हणून रस्त्यावर आलेल्यांपैकी दहा जण पोलिसांच्या गोळीने मेले. किनारी रस्त्यासाठी पुन्हा समुद्र बुजवला गेला आणि वरळीच्या कोळ्यांना होड्या जाव्यात म्हणून पुलाच्या खांबांमधले अंतर वाढवून घेण्यासाठी झगडावे लागले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीने आपली जागा परत मागितली. पाणी आधी शिरले ते नदीकाठच्या झोपड्यांत.

२०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. त्यातले सुमारे ५२ लाख झोपडपट्टीत होते. शहर भरणाऱ्यांची नातवंडे आजही भरावाच्या कडेला राहतात आणि कागद दाखवा म्हणून त्यांनाच विचारले जाते.

आमचे म्हणणे एवढेच आहे. मुंबईच्या इतिहासाच्या धड्यात हॉर्नबी राहू द्या, पण त्याच्या बांधाचे दगड वाहणाराही येऊ द्या. कान्हेरीला सहलीला नेलेल्या मुलांना सोनाराचा आणि लोहाराचा दानलेख वाचून दाखवा. गिरणीचा भोंगा शिकवताना धोट्याची गोष्टही शिकवा. आणि पुनर्विकासाच्या नावाने चाळी पाडताना तिथल्या माणसाला त्याच जागी, कायदेशीर हक्काचे घर द्या. ते दान नाही, थकलेली मजुरी आहे. ती मागायला आपल्याला लाज वाटण्याचे कारण नाही. लाज वाटायची तर ती दोनशे वर्षे थकवणाऱ्यांना वाटावी.

जय भीम!